ईशापूरची थ्री नॉट थ्री : आठ महिने वापरल्यावर

कॉलेजात एनसीसीत असताना थ्री नॉट थ्री खांद्यावर घेऊन दोन वर्षं परेड केली, पण तिच्यातून गोळी कधीच झाडली नाही. फायरिंगला आम्हाला छोट्या गोळीची पॉइंट टू टू रायफल मिळायची. त्यामुळे ओहायोत ग्रीन कार्ड हाती आलं आणि पहिली रायफल घ्यायची ठरली, तेव्हा कुठली घ्यायची हा प्रश्न मला पडलाच नाही. दुकानात बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरला, तपासणी झाली आणि बंगालमधल्या ईशापूर कारखान्याची १९४३ सालची नंबर १ मार्क ३ स्टार, म्हणजे थ्री नॉट थ्रीचंच एक मॉडेल, घरी आली.

घेण्याआधी मी तीन गोष्टी पाहिल्या, त्या आज पुन्हा घेतानाही पाहीन. बोल्टवरचा (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यावरचा) नंबर आणि बॉडीवरचा नंबर एकच आहे का? नळी आतून साफ आहे का? नळीच्या तोंडाशी काडतुसाचं टोक धरलं तर ते कितपत आत जातं? टोक फार खोल गेलं, तर पूर्वी कुणीतरी साफसफाई करताना ते तोंड झिजवलंय असं समजावं. लाकडावरचे ओरखडे मी सोडून दिले. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा गेलेला स्क्रू पाहून मात्र मी आधी बिचकलो होतो. तो ईशापूरच्या बऱ्याच रायफलींत असतो, मोडतोड नव्हे.

घरी आणल्यावर पहिला खर्च केला तो बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून हेडस्पेस मोजून घेण्याचा. बोल्ट बंद असताना काडतुसाच्या बुडाला मागे किती जागा उरते, ते हे माप. याच घराण्यातल्या नंतरच्या नंबर ४ रायफलीला हे माप जुळवायला ० ते ३ अशा क्रमांकांची बोल्टहेड, म्हणजे बोल्टची पुढची टोकं, मिळतात, माझ्या मॉडेलला तशी सोय नाही. माझी पास झाली. नसती झाली तर मी परत केली असती.

खरी चूक मी गोळ्यांत केली. स्वस्त मिळतात म्हणून सत्तर वर्षांपूर्वीचा सरप्लसचा, म्हणजे लष्कराच्या उरलेल्या मालातला, डबा घेतला. त्या काडतुसांत कॉर्डाइट असतं, दारूच्या शेवयांसारख्या बारीक काड्या. सातव्या गोळीला चाप ओढला, नुसता टक् आवाज आला आणि क्षणभराने बार उडाला. तेवढ्यात मी बोल्ट उघडला असता तर काय झालं असतं, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. बार उडाला नाही तर नळी टार्गेटकडेच धरून निदान तीस सेकंद थांबायचं, हा नियम तेव्हापासून अंगात मुरला. वीसातल्या तीन गोळ्यांनी असंच केल्यावर डबा बंद केला.

त्यात आणखी एक दुखणं. जुन्या प्रायमरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळल्यावर नळीत क्षार उरतो आणि हवेतली ओल ओढतो. मी नुसतं तेल फिरवलं, तिसऱ्या दिवशी चिंदी तांबूस निघाली. तेलात क्षार विरघळत नाही. आधी गरम पाणी ओतायचं, मग पुलथ्रूने (चिंदी बांधून नळीतून ओढायच्या दोरीने) नळी कोरडी करायची आणि शेवटी तेल. बोल्टचं तोंडही याच क्रमाने धुवायचं.

आता फक्त सर्बियाच्या प्रवी पार्टिझनची १७४ ग्रेनची नवी काडतुसं वापरतो. थ्री नॉट थ्रीच्या जुन्या लष्करी मार्क ७ काडतुसातल्या गोळीचं वजनही एवढंच होतं. महाग पडतात, पण प्रायमर क्षार सोडत नाही आणि पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरता येतात. गोळी घेताना नावावर जाऊ नका. .३०३ हे नळीतल्या उंचवट्यांमधलं माप आहे, गोळीचा व्यास सुमारे .३११ इंच असतो. १०० यार्डांवर पाच गोळ्या चार इंचांत बसतात. लष्करी नेमकाठ्या आणि माझे डोळे लक्षात घेता मी समाधानी आहे. भरताना एक सवय लावावी लागली: वरच्या काडतुसाची बुडाशी बाहेर आलेली किनार खालच्याच्या पुढेच हवी, नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकतात. पुन्हा भरलेल्या पुंगळ्या मात्र तिसऱ्या वेळी किनारीच्या जरा वर चिरायला लागल्या. या रायफलींचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, सैल असतं. आता भरताना पुंगळीची फक्त मान दाबून घेतो, पूर्ण पुंगळी नाही.

एका गन शोमध्ये बुडावर के एफ कोरलेली पाच काडतुसं दिसली. के एफ म्हणजे आमचं खडकी. आजोबा तिथल्याच दारूगोळा कारखान्यात होते. पाचही घेतली, पण झाडणार नाही. इतक्या जुन्या काडतुसावर माझा भरवसा उरलेला नाही, मग ते कुठलंही असो.

गेल्या महिन्यात इथल्या एका मित्राने ईशापूरचीच २ए१ घेतली आणि माझ्याकडे गोळ्या मागितल्या. दोघी दिसायला सख्ख्या बहिणी, पण तिचं काडतूस ७.६२ नाटो, त्याला बाहेर आलेली किनार नाही आणि तिचं मॅगझिन बारा गोळ्यांचं, चौकोनी. त्याला आधी नळीवरचा शिक्का वाचायला लावला, माझा डबा परत कपाटात ठेवला आणि मग दोघं त्याच्या गोळ्या आणायला गेलो.