अकरावी आर्ट्सला सायको घ्यावं की सोशिओ? ठरवायच्या आधी हे बघा

बऱ्याच कॉलेजात ग्रुप असे पाडलेत की मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यातलं एकच घेता येतं, आणि फॉर्म भरताना मुलं मैत्रिणीने काय घेतलं ते बघून टिक करतात. दोन वर्षांचा प्रश्न आहे, जरा थांबून बघा.

सायको घेणाऱ्यांची अपेक्षा असते की माणसं वाचता येतील, स्वतःचं टेन्शन कमी होईल वगैरे. प्रत्यक्षात सुरुवात होते जर्मन मानसशास्त्रज्ञ वुंटच्या 1879 मधल्या लाइपझिगच्या प्रयोगशाळेपासून, मग बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, अवधान, भावना, मानसिक विकार, आणि प्रत्येक ठिकाणी व्याख्या नि सिद्धांत पाठ हवेत. बुध्यांकाचं गणितपण आहे, म्हणजे मानसिक वय 12 आणि खरं वय 10 तर 12 भागिले 10 गुणिले 100, बुध्यांक 120. अवघड अजिबात नाही पण नेमकेपणा लागतो, गोल गोल लिहून मार्क मिळत नाहीत. आणि विकारांचा धडा वाचून घरच्यांना, मित्रांना लेबलं लावत सुटू नका प्लीज, निदान करणं हे बारावीच्या पुस्तकाचं काम नाही.

सोशिओ वाचायला सोपं जातं कारण आदिवासी, ग्रामीण, शहरी समाज, शेतकरी नि महिलांच्या चळवळी हे सगळं आपल्या आजूबाजूचंच. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ घुर्ये, त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे, हा विषय तर आपल्या मुंबई-पुण्यात वाढलाय, तरी लोक त्याला भरतीचा विषय समजतात याचं मला खरंच वाईट वाटतं. यूपीएससीचा विचार असेल तर सोशिओ जास्त कामाला येतं असं माझं मत, कारण जीएस म्हणजे सामान्य अध्ययनाच्या पेपर एकमध्ये भारतीय समाज येतोच. ऑप्शनलला, म्हणजे आपण निवडायच्या विषयाला, दोन्ही विषय आहेत, प्रत्येकी 500 मार्कांचे.

मार्कांचं म्हणाल तर आपल्या बोर्डात दोन्ही विषयांना 80 लेखी, 20 कॉलेजकडे. सीबीएसईत मात्र सायको 70 आणि प्रॅक्टिकल 30, सोशिओ 80-20. सीबीएसईच्या सायकोत चाचण्या घेऊन फाइल करावी लागते, ज्याला करून बघायची आवड आहे त्याला मजा येते.

आता करिअर. बीए सायकॉलॉजीला बारावीत सायको असलंच पाहिजे असं सहसा नसतं, त्यामुळे सोशिओ घेतलं म्हणून दार बंद झालं असं समजू नका. सायकिअ‍ॅट्रिस्ट व्हायचं असेल तर हा वादच नाही, सायन्स, बायोलॉजी, नीट, एमबीबीएस आणि मग एमडी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला एमएच्या पुढचं प्रशिक्षण आणि आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते, म्हणजे लांबचा रस्ता, घरी आधीच नीट सांगून ठेवा. आणि यूजीसीने 2025 पासून सायकॉलॉजीचे डिस्टन्स नि ऑनलाइन कोर्स बंद केलेत, म्हणजे नोकरी करत घरबसल्या डिग्री हा प्लॅन आता चालणार नाही.

माझं मत विचाराल तर कॉलेजात सायकोला कायम शिक्षक असेल, नीट शिकवणारा असेल, तर बिनधास्त सायको घ्या. तासिका तत्त्वावर कोणीतरी येतं, कधी येतच नाही, अशी अवस्था असेल तर सोशिओ घ्या आणि सायको बीएला करा, कारण सोशिओ पुस्तक आणि पेपर वाचून बरंचसं स्वतः करता येतं, सायकोत सिद्धांत कोणी समजावून नाही दिले तर नुसतं पाठांतर उरतं. अ‍ॅडमिशनच्या आधी बारावीच्या दोन-तीन मुलांना गाठून विचारा, मागच्या वर्षी सायकोचे तास किती झाले.