जुना लॅपटॉप, डेबियन १२ अन् आमच्या गावची लाईन : आठ महिन्यानंतर

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका गावात माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, स्कॉलरशिप, सगळे फॉर्म. तीन कॉम्प्युटर अन् कोणता स्कॅन कोणत्या मशीनवर पडला हे शोधण्यातच अर्धा दिवस जाये, म्हणून मागच्या जूनमधे पडून असलेल्या लॅपटॉपचा सर्व्हर केला, म्हंजे सगळ्या फाइली एकाच जागी अन् तिन्ही कॉम्प्युटरवरून उघडता येतीन अशा. ४ जीबी रॅम, स्क्रीनवर उभी हिरवी रेघ, पण बॅटरी दीड तास टिकते, आमच्याइकडे तेच पाहा लागते.

त्याच्यावर लिनक्स (विंडोजसारखी, पण फुकट सिस्टम) टाकायचं होतं. पहिले त्यातलं सेंटओएस मनात होतं, तेच शिकलो होतो. पण सेंटओएस ८ ले २०२९ पर्यंत अपडेट भेटणार म्हणे अन् २०२१ च्या शेवटीच बंद केलं, तवापासून भरोसा नाई. रॉकी, अल्मा त्याच्या जागी आले, चांगलेच असतीन. उबुंटू बी डेबियन या लिनक्सवरच उभं आहे तर म्हटलं मुळाचंच, डेबियन १२ घ्या. डेस्कटॉप (खिडक्या-आयकॉनवाला पडदा) न टाकता बसवलं, नुसतं चालू असताना दोनशे एमबीच्या आतच रॅम खाते.

चुका माह्याच झाल्या. इन्स्टॉल करताना रूटचा (मुख्य मालक खात्याचा) पासवर्ड दिला, अन् तो दिला की आपल्या युजरले सुडो (मालकाचे हक्क वापरायची कमांड) भेटत नाई, हे रात्री अकरा वाजता समजलं. सांबाचा (बाकी कॉम्प्युटरले फोल्डर दाखवणारा प्रोग्राम) पासवर्ड बी वेगळा द्या लागते, लॉगिनचा चालत नाई. अन् सगळं जमलं म्हणून ऐटीत झाकण लावलं, तं दुसऱ्या मिनिटाले तिन्ही कॉम्प्युटरवरून फोल्डर गायब! समोर पीकविम्याची रांग, एक काका म्हणे "काहून बावा, सर्व्हर झोपला का?" आता काय सांगू, खरंच झोपला होता. लॉगिनडीच्या (झाकण लावलं की काय करायचं ते ठरवणारा सिस्टमचा भाग) कॉन्फिग फाइलमधे हँडल-लिड-स्विचले इग्नोर लिहिलं, मंग जमलं.

अपडेट फक्त सिक्युरिटीचे आपोआप घेतो, मोबाइलच्या नेटवर आहो ना. रोजचं काही वाटत नाई, कर्नल (सिस्टमचा गाभा) आला की सत्तरेक एमबी जाते. कर्नलनंतर रीबूट लागते, ते काम दोन तास लाईन गेली की फुकटात होऊन राहिलं.

पोळ्याच्या आठवड्यात डीपी जळाली, तीन दिवस अंधार. लॅपटॉप धाडकन बंद पडला होता, मले वाटलं गेलं सगळं. चालू केला तं एक्स्ट४ नं (डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) जर्नल म्हंजे आपली नोंदवही वाचून दोन मिनिटात सावरलं, अर्धवट चढलेला एक स्कॅन तेवढा गेला. बाकी रोज रात्री आरसिंक या प्रोग्रामनं दुसऱ्या हार्डडिस्कवर कॉपी पडतेच.

डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मधेच आलं, मी अजून गेलो नाई. १२ ले जून २०२६ पर्यंत नेहमीची सिक्युरिटी आहे, त्याच्यापुढं २०२८ पर्यंत एलटीएस (लांब मुदतीचा सपोर्ट), उन्हाळ्यात गिऱ्हाईक कमी असते तवा पाहीन. तुमची मशीन ३२ बिटची असन तर १३ च्या नादी लागूच नका, त्याचा इन्स्टॉलरच नाई आता.

एकच खटकते, त्यात डेबियनचा दोष नाई. डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या बायोसमधे (मशीनच्या मूळ सेटिंगमधे) लाईन आली की आपोआप चालू व्हायचं सेटिंग असते, माह्या लॅपटॉपमधे नाई. म्हणून सकाळी शटर उघडलं की पहिले सर्व्हरचं बटण, मंग अगरबत्ती.