वॉकीटॉकी: अ‍ॅनालॉग घ्यावा की डिजिटल?

मित्राला टीमसाठी सहा हँडसेट घ्यायचेत आणि निर्णय होत नाहीये. बॉक्सवर छापलेले रेंजचे किलोमीटर आधी विसरा.

आवाज महत्त्वाचा. अ‍ॅनालॉगवर अंतर वाढेल तशी खरखर वाढते, पण सरावलेल्या कानाला त्यातूनही शब्द लागतात. डिजिटलचा आवाज रेंजच्या टोकापर्यंत स्वच्छ असतो आणि मग एकदम तुटतो. शिवाय पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण, दाबताक्षणी बोललात तर पहिला शब्द गिळला जातो. ‘नको उचलू’मधला ‘नको’ गेला, तर समोरचा उचलणारच! बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. ही सवय सगळ्यांना लावावीच लागते.

बॅटरी डिजिटलची जास्त टिकते, कारण डीएमआर (डिजिटलमधलं एक प्रचलित मानक) सेट बोलताना साधारण अर्धाच वेळ ट्रान्समिट करतो. रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र, असेल तर 12.5 किलोहर्ट्झच्या एकाच चॅनलवर दोन संभाषणंही चालतात. पण सेटमध्ये भरलेला कलर कोड (जुळणीचा क्रमांक) किंवा टाइमस्लॉट (चॅनलवरच्या वेळेचा वाटा) जुळला नाही की काहीच ऐकू येत नाही.

किमतीत अ‍ॅनालॉग हलका.

माणसं सारखी बदलतात, जुने सेट आहेत, तर अ‍ॅनालॉग. ठरलेली टीम, गोंगाटाची जागा, लांब शिफ्ट, तर डिजिटल. मित्राची टीम कायमची आहे, त्याला मी डिजिटलच सांगितलं.