शॉर्टवेव्हच्या छापील मार्गदर्शिका : कोणती कशाला उपयोगी आणि कुठे फसवते

शॉर्टवेव्ह म्हणजे दूरदेशी पोचणाऱ्या रेडिओलहरी. त्यावरच्या स्टेशनांच्या सगळ्या याद्या फोनवर फुकट मिळत असताना सहाशेहून जास्त पानांचं जाडजूड पुस्तक कशाला घ्यायचं? याचं पहिलं उत्तर अगदी रुक्ष आहे. लॅपटॉपचा चार्जर, मॉनिटर, स्वस्तातल्या एलईडी दिव्याचा ड्रायव्हर या सगळ्यांत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारं सर्किट असतं आणि त्याची खरखर नेमकी शॉर्टवेव्हवर येऊन बसते. क्षीण स्टेशन ओळखण्यासाठी लॅपटॉप उघडावा आणि त्याच्याच चार्जरने ते स्टेशन गिळून टाकावं, हे नेहमीचंच. पुस्तक गप्प असतं. ते वाचायला लावलेला दिवा मात्र तपासून घ्या. रेडिओ ६ मेगाहर्ट्‌झच्या आसपास रिकाम्या जागी लावा आणि दिवा दोन-तीनदा चालू-बंद करून बघा. खरखर बदलली तर तो दिवा बाद.

दुसरं उत्तर पुस्तकाच्या मांडणीत आहे. ऐकणाऱ्याचे प्रश्न दोनच असतात. ‘अमुक स्टेशन आत्ता कुठे लागेल?’ हा पहिला, आणि ‘हे जे लागलंय ते कोण?’ हा दुसरा. पहिल्यासाठी देशवार यादी लागते, दुसऱ्यासाठी फ्रीक्वेन्सीवार. एकाच यादीवर दोन्ही प्रश्न सोडवू पाहणारा माणूस अर्ध्या तासात कंटाळतो आणि दोष पुस्तकाला देतो.

वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक हे या क्षेत्रातलं सगळ्यात जुनं चालू वार्षिक. डेन्मार्कमध्ये १९४७ साली सुरू झालं. जुन्या प्रकाशकांनी २०२२च्या आवृत्तीनंतर काम थांबवलं आणि पुढे जर्मनीतल्या प्रकाशकाने ते हाती घेतलं. यात दोन्ही प्रकारच्या याद्या आहेत. देशांतर्गत केंद्रांचा भाग देशवार, आंतरराष्ट्रीय प्रसारणांचा भाग देशवार आणि मागे फ्रीक्वेन्सीवार याद्या. नवीन माणूस पुस्तक पहिल्या पानापासून चाळतो आणि गोंधळतो. सुरुवात शेवटाकडून करावी. संक्षेप, देशांचे कोड आणि ट्रान्समीटरची ठिकाणं असलेल्या पानांवर आधी चिकटपट्ट्या लावून घ्या, म्हणजे पुढच्या ओळी वाचता येतील. ‘v’ म्हणजे फ्रीक्वेन्सी जागेवर न राहणारं स्टेशन, हे माहीत नसेल तर दीड किलोहर्ट्‌झ सरकलेला आवाज अनोळखी समजून तासभर वाया जातो.

आंतरराष्ट्रीय वेळापत्रकांचा भाग मात्र लवकर शिळा होतो, आणि यात चूक प्रकाशकाची नाही. शॉर्टवेव्हची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी ‘ए’ हंगाम सुरू होतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ‘बी’. वर्षअखेरीस निघणारं पुस्तक ‘बी’ हंगामाचं असतं, म्हणजे हातात पडल्यावर त्याला जेमतेम तीन महिने खरे. त्यानंतर स्टेशन सापडलं नाही, तर आधी छापलेल्या वेळेच्या एक तास अलीकडे-पलीकडे बघा. घड्याळं पुढे-मागे करणाऱ्या देशांसाठीची बरीच प्रसारणं यूटीसीत (याद्यांत वापरली जाणारी जगभराची सामाईक वेळ) तासभर सरकतात, कारण तिथल्या श्रोत्याला कार्यक्रम त्याच्या घड्याळाप्रमाणेच हवा असतो. तिथेही नसेल तर फ्रीक्वेन्सी बदललेली आहे असं धरा. हिवाळ्यात रात्री खालच्या बँडवर असलेलं प्रसारण उन्हाळ्यात बहुधा वर सरकतं, ४९ मीटरच्या बँडवरून ४१ किंवा ३१वर (मीटर कमी तशी फ्रीक्वेन्सी जास्त). आणि हंगामाच्या मधेच सगळं कोसळणं हेही घडतं. २०२५च्या मार्चमध्ये व्हॉइस ऑफ अमेरिका अचानक गप्प झालं, त्या वर्षाच्या छापील रकान्यांना ते कसं कळणार?

देशांतर्गत भाग जास्त टिकतो. कुठल्या देशात कोणत्या गावी ट्रान्समीटर, किती किलोवॅटचा, पत्ता काय, ही माहिती दोन-तीन वर्षांनीही बरीचशी लागू पडते. रिसेप्शन रिपोर्ट (स्टेशन कसं ऐकू आलं याचा अहवाल) पाठवून पोचकार्ड मिळवणाऱ्यांना हा भाग एकट्यानेच पुस्तकाची किंमत वसूल करून देतो.

पासपोर्ट टू वर्ल्ड बँड रेडिओ २००९नंतर निघालेलं नाही, तरी जुन्या बाजारात दिसलं तर सोडू नका. त्यातली निळी पानं हा फ्रीक्वेन्सी मांडणीचा नमुना आहे. डावीकडे किलोहर्ट्‌झ आणि स्टेशन, वर शून्य ते चोवीस तास, आणि मधे प्रसारणाच्या आडव्या पट्ट्या. फक्त उन्हाळ्यात किंवा फक्त हिवाळ्यात असणाऱ्या पट्टीला वेगळी खूण. १५०० यूटीसीच्या रकान्यावर पट्टी उभी ठेवून खाली सरकवली की त्या वेळी हवेत असलेले सगळे पर्याय नजरेत येतात. आकड्यांच्या यादीत हे जमत नाही. अर्थात यातली माहिती आता इतिहास आहे. रेडिओ नेदरलँड्स आणि रेडिओ कॅनडा इंटरनॅशनल २०१२मध्ये, रेडिओ ऑस्ट्रेलिया २०१७च्या जानेवारीअखेर शॉर्टवेव्हवरून गेले, आणि या पुस्तकात ते सगळे ठणठणीत आहेत. तेव्हा वेळापत्रकासाठी नाही, तर वाचायची सवय लागावी म्हणून आणि जुने रेडिओ विकत घेण्यापूर्वी त्यातली परीक्षणं बघावीत म्हणून घ्या. सोनीच्या आयसीएफ-२०१०सारख्या सेटबद्दल आजही विक्रेत्याच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा ती पानं बरी.

प्रसारणाच्या बँडबाहेर जे टिकटिक, किरकिर आणि वैमानिकांचं बोलणं ऐकू येतं त्यासाठी ही दोन्ही पुस्तकं अपुरी पडतात. तिथे जर्मन प्रकाशक क्लिंगेनफुसच्या युटिलिटी (श्रोत्यांसाठी नसलेल्या, कामकाजी संदेशांच्या) मार्गदर्शिका लागतात. यात एक खाच आहे जिच्यावर जवळजवळ प्रत्येक जण अडखळतो: छापलेली फ्रीक्वेन्सी आणि डायलवर लावायची फ्रीक्वेन्सी एकच नसते. हवामान-नकाशांच्या फॅक्सचं उदाहरण घ्या. यादीत प्रसारणाची नेमून दिलेली फ्रीक्वेन्सी असते आणि रेडिओ यूएसबीवर (वरच्या बाजूपट्टीचा मोड, फोनच्या केबलचा यूएसबी नव्हे) ठेवून तिच्या १.९ किलोहर्ट्‌झ खाली लावायचा असतो. छापलेलाच आकडा लावला तर सूर ऐकू येतो, नकाशा मात्र उमटत नाही, आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसतो. कोणत्याही युटिलिटी यादीची प्रस्तावना फक्त याच एका गोष्टीसाठी वाचावी: आकडे मध्य-फ्रीक्वेन्सीचे आहेत की कॅरियरचे, म्हणजे डायलवर लावायचे?

राहिल्या स्वतः छापून घ्यायच्या याद्या. एचएफसीसी ही प्रसारकांच्या फ्रीक्वेन्सी जुळवणारी संस्था. तिच्या नोंदींत किलोवॅट, ट्रान्समीटरचं ठिकाण, अँटेनाची दिशा, सगळं असतं. पण ती नोंदणी आहे, हजेरीपट नव्हे. राखून ठेवलेल्या आणि प्रत्यक्षात न वापरलेल्या कितीतरी फ्रीक्वेन्सी तिथे दिसतात. आयबी (EiBi) या नावाने नेटवर मिळणारी यादी प्रत्यक्ष प्रसारणाच्या जास्त जवळ जाते आणि ती फ्रीक्वेन्सीवार व वेळेवार अशी दोन्ही प्रकारे मिळते. दोन्ही एकत्र वापरताना वारांचे आकडे जपा. एचएफसीसीत १ म्हणजे रविवार, आयबीत १ म्हणजे सोमवार. शिवाय वार यूटीसीचा. यूटीसीच्या पुढे असलेल्या ठिकाणी शनिवारी २३०० यूटीसीला लागणारं प्रसारण स्थानिक रविवारी येतं. सगळी फाइल छापू नका, कागदाची नासाडी होते. ५९००–६२००, ७२००–७४५०, ९४००–९९०० आणि ११६००–१२१०० किलोहर्ट्झ (४९, ४१, ३१ आणि २५ मीटर) एवढे चार तुकडे कापून घ्या, सगळी अक्षरं सारख्या रुंदीची असलेला फॉन्ट निवडा (नाहीतर रकाने तिरके जातात), आठ पॉइंटपेक्षा बारीक जाऊ नका आणि उजवीकडे तीन बोटं समास सोडा. पेन्सिल तिथेच चालते.

आता हे सगळं एकत्र कसं चालतं ते बघा. ३१ मीटरवर अनोळखी भाषेतलं बोलणं लागलं. आधी डायलवर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवा: ५, १० किंवा १५ मेगाहर्ट्‌झवर वेळेचे ठोके देणारं केंद्र लावा आणि सेट किती किलोहर्ट्‌झ खोटं बोलतो ते मोजा. मग यूटीसी वेळ लिहा. फ्रीक्वेन्सीवार यादीत त्या आकड्यापुढे समजा तीन नावं आहेत. एकाची वेळ जुळत नाही, तो गेला. दुसऱ्याचा लक्ष्यप्रदेश पार उलट दिशेला आहे. त्याला लगेच खोडू नका, अँटेनाच्या पाठीमागूनही आवाज येतो, फक्त शंकेची खूण करा. तिसऱ्याची भाषा बसते. मग देशवार भागात जाऊन त्याच प्रसारणाची दुसरी समांतर फ्रीक्वेन्सी शोधा आणि तिथे लावा. तेच वाक्य तिथेही ऐकू आलं की ओळख जवळजवळ पक्की. उरलेलं काम तासाच्या ठोक्याला होणारी उद्घोषणा करते. देशाचं नाव लिहिताना मात्र जपून. प्रसारक एका देशाचा आणि ट्रान्समीटर दुसऱ्याच, असं सर्रास असतं. फ्रान्समधल्या इसूदाँहून किंवा मादागास्करहून निघणारं प्रसारण वेगळ्याच देशाचं असू शकतं.

आणि यादीत काहीच नसेल तर? रेडिओवर काटा फिरवायचा साधा सेट असेल तर डायलवरच्या आकड्यात ९१० किलोहर्ट्‌झ मिळवून परत यादी बघा. ४५५ किलोहर्ट्‌झच्या आयएफचे (सेटच्या आतल्या ठरावीक फ्रीक्वेन्सीचे) सेट ताकदवान स्टेशनाची सावली बरोबर एवढी खाली दाखवतात. डायलवर ८७०० आणि यादीत ९६१०ला दणकट प्रसारण, असं जमलं तर कोडं सुटलं. पुस्तकात सापडत नाही म्हणून केलेल्या तक्रारींतल्या पुष्कळशा याच निघतात.

नव्याने सुरुवात करत असाल तर चालू हँडबुक आणि चार बँडांच्या छापील पानांची चळत पुरे. युटिलिटीचं पुस्तक सेटवर एसएसबी (यूएसबीसारखे एका बाजूपट्टीचे मोड) असल्याशिवाय घेण्यात अर्थ नाही. आधीच एक हँडबुक असेल तर दरवर्षी नवं घ्यायची गरज नाही. एक वर्ष आड घ्या आणि मधल्या वर्षी हंगामी याद्या छापा. जुनी प्रत घेताना मधोमध उघडून बघा, कारण जाड पुस्तकाचा गोंद सगळ्यात आधी फ्रीक्वेन्सी याद्यांच्या पानांत सुटतो, तीच सतत उघडलेली असतात. समासात आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणा असतील तर भाव कमी करायला लावा, पण त्या खोडू नका. कोणत्या ओळीवरचं स्टेशन खरोखर लागत होतं, ते त्या खुणाच सांगतात.