पॉकेट ४केसाठी लेन्स: अ‍ॅडॉप्टरसकट तपासून घ्या

ब्लॅकमॅजिकचा पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के २०१८ साली आला. आज सेकंडहँड घेतला तरी शॉर्टफिल्म, मुलाखती, एकांकिकांचं रेकॉर्डिंग अशा कामांना तो पुरून उरतो. फसगत होते ती लेन्स निवडताना. सेन्सर लहान, १८.९६ बाय १० मिमी, आणि माउंट, म्हणजे लेन्स बसवायची कडी, मायक्रो फोर थर्ड्‌स. या माउंटवर अ‍ॅडॉप्टर लावून जवळपास कुठलीही लेन्स बसते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पाच पर्यायांबद्दलचं मत पुढे दिलं आहे. आधी मोजमाप, कारण ते चुकलं की महागातली लेन्सही वाया जाते.

पहिला हिशोब खोलीचा. फ्रेमची रुंदी म्हणजे अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले फोकल लेंग्थ. ठाण्यातल्या फ्लॅटमधली दहा बाय बाराची खोली धरा. कॅमेरा आणि त्यामागचा माणूस भिंतीला टेकले की समोरची भिंत जेमतेम तीन मीटरवर राहते. तिथे १२ मिमी लेन्स ४.७४ मीटर रुंदी दाखवते, १७.५ मिमी ३.२५ मीटर आणि २५ मिमी फक्त २.२८ मीटर. दहा फुटी भिंत अख्खी हवी असेल तर १७.५ कशीबशी पुरते, २५ पुरतच नाही. मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याची सवय असलेले लोक सगळ्यात आधी ५० मिमी घेतात. ती इथे ९५ मिमीसारखी वागते आणि बेडरूममध्ये चेहऱ्यांपलीकडे काही टिपता येत नाही. पहिली लेन्स १२ पर्यंत जाणारीच हवी, यात तडजोड नको.

स्लो मोशन करायचं असेल तर हिशोब आणखी कडक होतो. ब्लॅकमॅजिक रॉमध्ये, म्हणजे कंपनीच्या कच्च्या रेकॉर्डिंग फॉरमॅटमध्ये, सेकंदाला १२० फ्रेम्स हव्या असतील तर कॅमेरा सेन्सरचा मधला २६८८ बाय १५१२ पिक्सेलचा तुकडाच वापरतो. त्याची रुंदी साधारण १२.४ मिमी, म्हणजे सुपर १६ फिल्मच्या फ्रेमएवढी. मघाची १२ मिमी लेन्स आता त्याच खोलीत ३.१ मीटरच दाखवते.

आता अ‍ॅडॉप्टर. मायक्रो फोर थर्ड्‌समध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर १९.२५ मिमी, निकॉन एफमध्ये ४६.५, कॅनन ईएफमध्ये ४४. मधला फरक अ‍ॅडॉप्टर भरून काढतो: निकॉनसाठी २७.२५ मिमी, कॅननसाठी २४.७५. यात ०.०५ मिमीची चूक झाली, म्हणजे साध्या कागदाच्या अर्ध्या जाडीएवढी, तर काय होतं ते पाहा. अ‍ॅडॉप्टर तेवढा जाड निघाला की अनंताच्या खुणेवर नेऊनही लेन्स अनंतावर पोचत नाही. ती किती अलीकडे अडकते हे काढायला फोकल लेंग्थच्या वर्गाला त्या चुकीने भागायचं. ५० मिमीसाठी २५०० भागिले ०.०५, म्हणजे ५० मीटर. १२ मिमीसाठी १४४ भागिले ०.०५, म्हणजे २.८८ मीटर. अ‍ॅडॉप्टर तोच, पण ५० मिमीवर त्याची चूक क्वचित जाणवेल आणि १२ मिमीवर हॉलच्या पलीकडचं सगळं धूसर दिसेल. लहान सेन्सरवर आपण आखूड फोकल लेंग्थच जास्त वापरतो, म्हणून ही चूक इथे जास्त छळते.

स्वस्त अ‍ॅडॉप्टर बहुधा मुद्दाम किंचित पातळ ठेवलेले असतात, अनंत नक्की मिळावा म्हणून. चित्र शार्प येतं आणि घेणारा समाधानाने घरी जातो, पण लेन्सवरचे आकडे खोटे पडलेले असतात. १२ मिमीवर ०.०५ने पातळ अ‍ॅडॉप्टर असेल तर खरा अनंत ३ मीटरच्या खुणेजवळ सापडतो. टेपने अंतर मोजून फोकस ओढणाऱ्याला (फोकस पुलरला) मग लेन्सवरच्या आकड्यांचा काही उपयोग उरत नाही.

दुकानात एफ ८ वर, म्हणजे लेन्सचं भोक बारीक करून, पाहिलं तर यातलं काहीच दिसत नाही. सेन्सरपाशी फोकसला जी सूट मिळते ती एफ नंबर गुणिले ०.०१५ मिमी एवढी असते. एफ २.८ ला ती ०.०४२, एफ ८ ला ०.१२. पहिल्यात ०.०५ची चूक उघडी पडते, दुसऱ्यात झाकली जाते. म्हणून तपासणी नेहमी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवूनच करायची. लक्ष्य अर्धा किलोमीटर तरी लांब हवं. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीची गच्ची आणि समोर येऊरच्या डोंगराची कड असेल तर उत्तमच. वाशीच्या सागर विहारला खाडीपलीकडचे दिवे चालतात, पण दुपारी नको. पाण्यावरची तापलेली हवा थरथरते आणि चांगली लेन्सही खराब वाटते. सकाळी लवकर किंवा अंधार पडल्यावर बघा. फोकस पीकिंगवर, म्हणजे शार्प कडा चमकवून दाखवणाऱ्या सोयीवर, विसंबू नका, रुंद लेन्सवर अख्खी फ्रेम चकाकते. स्क्रीनवर दोनदा टॅप करून मोठं करा आणि तिथेच ठरवा.

पातळ अ‍ॅडॉप्टर सुधारता येतो: मागची कडी खोलून पितळेची ०.०२ ते ०.०५ मिमीची शिम, म्हणजे पातळ चकती, घालायची. जाड अ‍ॅडॉप्टर घासत बसू नका, परत करा. मेटाबोन्सच्या स्पीडबूस्टरमध्ये (फोकल लेंग्थ कमी करून चित्र उजळ करणारी काच असलेला रिड्यूसर) आतली काच फिरवून हे जुळवता येतं. बाजूचा बारीक हेक्स स्क्रू ढिला करायचा, तुमच्याकडची सगळ्यात रुंद लेन्स अनंताच्या खुणेवर ठेवायची, काच थोडी थोडी फिरवत लांबचं लक्ष्य शार्प करायचं आणि स्क्रू पुन्हा हलक्या हाताने आवळायचा. हे एकदा नीट झालं की त्या अ‍ॅडॉप्टरवर चांगल्या स्थितीतल्या सगळ्या लेन्सचे आकडे जुळतात. एखादीचेच जुळले नाहीत तर दोष त्या लेन्समध्ये आहे.

पुढची पायरी, लेन्सच्या काचा आत तिरप्या बसल्या आहेत का. यासाठी मराठी वर्तमानपत्र चार्टपेक्षा कमी उपयोगाचं नाही. दोन जोडपानं भिंतीवर शेजारी शेजारी, सुरकुती न ठेवता चिकटवा. मधोमध एक छोटा सपाट आरसा भिंतीला चिकटवून धरा. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर आलं की कॅमेरा भिंतीला समांतर झाला; ही युक्ती स्पिरिट लेव्हलपेक्षा खात्रीची आहे. १२ मिमीला अंतर ६० सेंटिमीटर ठेवा. मध्यावर फोकस करून क्लिप घ्या आणि लॅपटॉपवर शंभर टक्के मोठी करून कोपऱ्यांतले अनुस्वार आणि रफार बघा. तीन कोपऱ्यांत टिंब सुटं दिसतंय आणि चौथ्यात ते शिरोरेषेला चिकटून गेलंय, तर ती लेन्स घेऊ नका. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर फोकस कोपऱ्यावर आणून पुन्हा बघा. कोपरा तेव्हा धारदार झाला तर फोकसचं प्रतलच वक्र आहे. तो त्या डिझाइनचा स्वभाव, तुमच्या नगातली खोट नव्हे.

आता पर्याय.

पॅनासॉनिक ल्युमिक्स १२-३५ एफ २.८ ही पहिली लेन्स म्हणून आमची शिफारस. वजन ३०५ ग्रॅम, फिल्टर ५८ मिमी आणि आत ओआयएस, म्हणजे हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन. कॅमेऱ्यात स्वतःचं स्टॅबिलायझेशन नसल्यामुळे हातात धरून काम करताना हा फरक मोठा आहे. उणिवा दोन. फोकस रिंग इलेक्ट्रॉनिक आहे आणि तिच्यावर आकडे नाहीत, त्यामुळे फोकस पुलरला खुणा करता येत नाहीत. दुसरी, १२ मिमीला सरळ रेषा बाहेर फुगतात. फोटोच्या कॅमेऱ्यात हा फुगवटा सॉफ्टवेअर आपोआप काढून टाकतं, या कॅमेऱ्याच्या रॉमध्ये तो तसाच येतो. खिडकीचं ग्रिल किंवा दाराची चौकट फ्रेमच्या कडेला असली की लगेच कळतो. एडिटमध्ये सरळ करता येतो, पण कडा थोड्या कापाव्या लागतात. फ्रेम लावतानाच तेवढी जागा सोडा.

ऑलिंपस १२-४० एफ २.८ प्रो ही ट्रायपॉडवरच्या कामाला जास्त बरी. फोकस रिंग मागे ओढली की दोन्ही टोकांना थांबणारी, आकडे असलेली रिंग मिळते. आत सगळं इलेक्ट्रॉनिकच आहे, तरी त्याच जागी परत येता येतं. २० सेंटिमीटरवर फोकस होतो, त्यामुळे हात, भांडी, पत्रं अशा इन्सर्टसाठी वेगळी मॅक्रो लागत नाही. ओआयएस नाही. दोन्ही झूममध्ये झूम करत गेल्यावर फोकस सरकतो, म्हणून शॉट चालू असताना झूम वापरायचा असेल तर त्या शॉटची आधी रंगीत तालीम हवीच.

माइकेच्या टी २.२ (टी म्हणजे प्रत्यक्ष पोचणाऱ्या प्रकाशावरून काढलेला एफ नंबर) सिने लेन्स, निदान १२ आणि २५ची जोडी, मोठ्या युनिटसाठी. रिंगवर दाते, समोरून सगळ्या सारख्याच ७७ मिमी फिल्टरच्या, फोकस फिरवायला भरपूर फेर. लेन्स बदलली तरी फॉलो फोकस (रिंग फिरवायची चक्री) आणि मॅट बॉक्स (लेन्ससमोरची सावली-फिल्टरची पेटी) तिथेच राहतो. एका दिवसात वीस-पंचवीस शॉट काढायचे असतात तेव्हा हीच सोय सगळ्यात महत्त्वाची ठरते. घेताना फोकस रिंग दोन्ही दिशांना फिरवून चित्र क्षणभर उडी मारतं का ते पाहा. खेळ असेल तर नग बदलून घ्या.

फोइग्टलेंडर नॉक्टॉन १७.५ एफ ०.९५ बद्दल खूप ऐकायला मिळतं. बांधणी सुंदर, अ‍ॅपर्चरचा टकटक आवाज बंद करता येतो, १५ सेंटिमीटरवर फोकस होतो. पण ०.९५ वर कॉन्ट्रास्ट उतरतो आणि उजळ कडांभोवती धुकं येतं. एफ २ पासून ती खरी खुलते. रात्रीच्या कामासाठी म्हणून ही घेऊ नका. कॅमेऱ्याचे मूळ आयएसओ दोन आहेत, ४०० आणि ३२००. १२५० पासून वरचा गेन लागू होतो आणि १२५०चं चित्र १०००पेक्षा स्वच्छ असतं. त्यामुळे रस्त्यावरच्या दिव्यांत एफ २.८ सहज पुरतो. पार्श्वभूमी मऊ हवी असेल तरच ही लेन्स घ्या. दीड मीटरवर ०.९५ ला फोकसची खोली जेमतेम वीतभर राहते.

जुन्या, हाताने फोकस करायच्या निकॉन एआय-एस लेन्स आणि ०.७१चा स्पीडबूस्टर: ५० मिमी एफ १.४ची ३५.५ मिमी एफ १.० होते आणि चेहऱ्यांचा रंग फार छान येतो. लक्षात ठेवायचं ते असं की निकॉनची फोकस रिंग इतर बहुतेक लेन्सच्या उलट दिशेने फिरते. एकाच शूटमध्ये दोन्ही प्रकार मिसळले तर फोकस पुलरचा हात चुकणारच. जुन्या, मूळ सुपर १६ पॉकेटसाठी बनलेला ०.५८चा बूस्टर या कॅमेऱ्यासाठी सेकंडहँड बाजारात कुणी देऊ केला तर घेऊ नका. त्याची काच माउंटच्या आत खोलवर जाते आणि इतर कॅमेऱ्यांचं नुकसान करू शकते.

सीसीटीव्हीच्या सी-माउंट लेन्स स्वस्त दिसतात. त्यांचं माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर १७.५२६ मिमी, म्हणजे लेन्स माउंटच्या आत १.७२ मिमी बुडवावी लागते. जाड अंगाच्या लेन्स तिथे बसतच नाहीत. शिवाय दोन तृतीयांश इंच प्रकाराच्या लेन्सचं चित्राचं वर्तुळ ११ मिमीचं, आणि सुपर १६ खिडकीचा, म्हणजे स्लो मोशनच्या त्या मधल्या तुकड्याचा, कर्ण १४ मिमीच्या वर. कोपरे काळे पडणार. घ्यायचीच तर एक इंच प्रकारची घ्या, आणि फक्त त्या खिडकीसाठी.

जुनी लेन्स घेताना इथल्या हवेचा विचार हवा. खाडीकाठचा चार महिन्यांचा पाऊस काचेला बुरशी आणतो. दोन्ही झाकणं काढून अ‍ॅपर्चर उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा आणि पुढून पाहा. कोळिष्टकासारखे धागे म्हणजे बुरशी, कडेला इंद्रधनुषी पट्टे म्हणजे काचांमधला डिंक सुटतोय, ब्लेडवर ओलसर चमक म्हणजे तेल. थोडी धूळ चालते, या तिन्ही गोष्टी चालत नाहीत. घरी ४० ते ५० टक्के आर्द्रतेचं ड्राय कॅबिनेट हवं. कपाटातली लेदरची पेटी बुरशीला आमंत्रण देते.

फ्लेअर, म्हणजे दिव्याची काचेत पसरणारी चमक, तपासायला ठाण्याची तलावपाळी ही जागा मस्त आहे. काठावरचा एक दिवा फ्रेमच्या आत, मग कडेवर, मग जरा बाहेर ठेवून तीन क्लिप घ्या. स्वस्त रिड्यूसरमध्ये अ‍ॅपर्चर बारीक केल्यावर फ्रेमच्या मध्यावर निळसर डाग येतो, तो इथे पकडता येतो. शटर २५ फ्रेम्सला १८० अंश, २४ला १७२.८ ठेवा, म्हणजे दोन्हींत सेकंदाचा पन्नासावा भाग; आपली वीज ५० हर्ट्‌झची, नाहीतर दिव्यांचा लुकलुकाट लेन्सच्या माथी मारला जाईल.

शेवटचं म्हणजे एनडी, म्हणजे प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर, तोही लेन्सबरोबरच तपासायचा. हा सेन्सर इन्फ्रारेडला हळवा आहे. दुपारच्या उन्हात काळी छत्री आणि काळी नायलॉनची सॅक शेजारी ठेवून सहा स्टॉपच्या (सहा वेळा निम्मा करत प्रकाश कमी करणाऱ्या) एनडीने क्लिप घ्या. एखादा काळा तपकिरी-लालसर झाला तर तो साधा एनडी आहे, आयआर अडवणारा हवा. फिल्टरचा एकच संच ७७ मिमीचा घ्या आणि ५८, ५२ व ६२ साठी स्टेप-अप रिंग्ज ठेवा. रिंग पितळेची घ्या. अ‍ॅल्युमिनियमची उन्हातल्या शूटवर अडकून बसते आणि मग ती काढायला रबराची पकड शोधावी लागते.