काढून टाकलेला वॉल्व्ह आणि ४,८०० रुपयांचा ‘नवा’ सेन्सर

माझी २०१४ सालची पेट्रोल गाडी लातूर शहरातली रोजची ये-जा आणि महिन्यातून एखादी नांदेडची फेरी धरून लिटरला साडेसोळा किलोमीटर देत असे. गेल्या पावसाळ्यापासून हा आकडा घसरत गेला आणि डिसेंबरात साडेतेरावर आला, म्हणजे हजार किलोमीटरमागे तेरा लिटरांहून अधिक पेट्रोल जास्तीचे जाऊ लागले.

पहिला संशय अर्थातच पंपावर गेला. ग्राहकाने मागणी केल्यास पंपचालकाला पाच लिटरच्या प्रमाणित मापात पेट्रोल मोजून दाखवावे लागते आणि त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. मी माप मागितले, ते बरोबर भरले. टायरमधली हवा आणि एअर फिल्टरही ठीक निघाल्यावर गाडी नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली. “सर, गाडीचं वय झालं आता,” या प्रस्तावनेनंतर इंजेक्टर सफाईचे १,८०० रुपये झाले, पंधरा दिवसांनी ‘नव्या’ ऑक्सिजन सेन्सरचे (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाचे) ४,८००, आणि तरीही फरक पडेना तेव्हा हाफ इंजिनचे, म्हणजे इंजिन अर्धे उघडून दुरुस्तीचे, काम ३८,००० रुपयांत करून देण्याची तयारी दाखवण्यात आली. हिशेब कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे लिहून दिला होता.

एवढी रक्कम घालण्यापूर्वी दुसऱ्या कोणाला तरी दाखवावे, असा मेव्हण्याचा आग्रह पडला, म्हणून गाडी औशाला त्याच्या ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे, चाचांकडे, नेऊन रात्रभर तिथेच ठेवली. सकाळी चाचांनी थंड इंजिन चालू करायला लावले, रेडिएटरच्या वरच्या पाइपवर तळहात ठेवला आणि तीनेक मिनिटांनी माझाही हात तिथे ठेवला. पाइप कोमट झाला होता. “हा आत्ता गार पाहिजे होता,” एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी थर्मोस्टॅटचे झाकण उघडले. आत वॉल्व्हच नव्हता.

इंजिन साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापेपर्यंत हा वॉल्व्ह, म्हणजेच थर्मोस्टॅट, बंद राहून कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याला) रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तोच नसेल तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते, इंजिनला हवी ती ऊब लवकर येत नाही, आणि इंजिन अजून थंडच आहे असे समजून गाडीचा संगणक पेट्रोल वाढवून देत राहतो. शहरातल्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत तर इंजिन पुरते तापण्याआधीच घर येते. एप्रिलमध्ये गाडी तापते म्हणून मी याच गॅरेजमध्ये कूलंटचे काम करून घेतले होते. तेव्हा मला न सांगता वॉल्व्ह काढला गेला आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फरक फारसा जाणवला नाही, त्यामुळे पावसाळ्यात घटलेल्या मायलेजचा एप्रिलच्या कामाशी काही संबंध असेल, हे माझ्या ध्यानातच आले नाही. माझ्या गाडीत तापमानाचा काटा नाही, केवळ दिवा आहे, आणि तो इंजिन थंड राहिल्याचे सांगत नाही.

सेन्सरचा उलगडा त्याच बैठकीत झाला. २०२१ मध्ये उंदरांनी त्याची वायर कुरतडली होती आणि मी स्वतः तिच्यावर लाल टेप गुंडाळली होती. ही वायर सेन्सरलाच जोडलेली असते, तिच्यासकट तो बदलला जातो. चाचांनी काढून हातावर ठेवलेला सेन्सर तारेच्या ब्रशने घासून लखलखीत केलेला होता, आणि त्याच्या वायरीवर माझीच लाल टेप होती.

ज्यांना अशा गॅरेजशी व्यवहार करावा लागतो, त्यांनी काढलेला जुना सुटा भाग आणि नव्या भागाचा खोका त्याच दिवशी ताब्यात घ्यावा, भागाचा क्रमांक असलेले पक्के बिल मागावे, आणि कूलंटचे काम झाल्यावर “वॉल्व्ह आहे ना?” हे स्पष्ट विचारावे. थंड इंजिनावर पाइपची परीक्षा तर घरच्या घरी होते. मात्र पंख्यापासून हात दूर ठेवावा.

नवा थर्मोस्टॅट, कूलंट आणि मजुरी मिळून १,९०० रुपये लागले आणि पुढच्या दोन टाक्यांत गाडी पुन्हा सोळाच्या वर आली. जुन्या गॅरेजवाल्याला मी जाब विचारला, तेव्हा “उन्हाळ्यात आपल्याकडं सगळ्यांचेच वॉल्व्ह काढतो, सर,” असे तो शांतपणे म्हणाला. सेन्सरविषयी मात्र त्याने बिल दाखवा असे सांगितले, आणि माझ्याजवळ होते ते कॅलेंडरचे पान, ज्यावर ना गॅरेजचे नाव होते ना सही.