‘शंभर टक्के नैसर्गिक’ लॅव्हेंडर परफ्यूमच्या नावाखाली झालेली फसवणूक

पुण्यातल्या हस्तकला प्रदर्शनांतून किंवा इन्स्टाग्रामवरच्या एखाद्या छोट्या ‘आर्टिझनल’ ब्रँडकडून लॅव्हेंडरचा परफ्यूम घेतला असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा. माझी तक्रार अजून निकाली निघालेली नाही, म्हणून विक्रेत्याचं नाव देत नाही. पण फसवण्याची पद्धत मात्र सगळी सांगते, कारण हीच पद्धत दुसऱ्या नावाने तुमच्यासमोरही येऊ शकते.

स्टॉलवर एक तरुण जोडपं होतं. नम्र आणि माहीतगार. त्यांनी एका छोट्या तपकिरी कुपीत कागदाची पट्टी बुडवून माझ्या हातात दिली. “ताई, आधी वास घ्या, मग बोलू.” वास खरोखर सुंदर होता. थंड, किंचित गोडसर, सुकलेल्या गवताची झाक असलेला. मी अत्तरं आवडीने वापरते, आणि इतकी स्वच्छ लॅव्हेंडर मला आजवर कुठे मिळाली नव्हती. ही दक्षिण फ्रान्समधल्या हाय प्रोव्हान्सची, आठशे मीटरच्या वरच्या डोंगरउतारावर वाढलेली लॅव्हेंडर आहे, यात सिंथेटिकचा एक थेंबही नाही, असं त्यांनी सांगितलं. परफ्यूम अजून मुरतोय, त्यामुळे बाटली कुरिअरने येईल. बॅच लहान आहे, आज बुकिंग केलं तरच मिळेल. ५० मिलीचे ४,८०० रुपये मी यूपीआयने दिले.

पट्टीवर एक माल आणि बाटलीत दुसरा, ही सगळी फसवणूक याच सांध्यात होती. बाटली नंतर पाठवायची म्हणजे दोन्ही वास शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची संधीच गिऱ्हाइकाला मिळत नाही.

पार्सल देखणं होतं. हातकागदाचा डबा, लाखेचा शिक्का, आत सुकवलेल्या लॅव्हेंडरची एक काडी. पण फवारा मारल्याबरोबर दुखण्यावर लावायच्या बामासारखा कापराचा भपकारा नाकात गेला. तो ओसरल्यावर एक जड, साबणासारखा वास उरला, आणि तो ओढणी धुतल्यावरही गेला नाही. इथे मला पक्का संशय आला. लॅव्हेंडरचं तेल उडून जाणारं असतं. अंगावर त्याचा दरवळ तासा-दोन तासांत विरतो. धुण्यातूनही टिकणारा वास नुसत्या फुलाचा असूच शकत नाही.

लॅव्हेंडर नावाने दोन वेगळी झाडं विकली जातात, हे समजलं की पुढचं सोपं होतं. अस्सल लॅव्हेंडर म्हणजे लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलिया. ती उंचावर, थंड हवेत चांगली येते आणि तेल कमी देते. दुसरं झाड लॅव्हॅन्डिन. अस्सल लॅव्हेंडर आणि रुंद पानांची स्पाइक लॅव्हेंडर यांच्या संकरातून ते झालं. त्याला बी धरत नाही, कलमं लावावी लागतात. ते खालच्या, उष्ण भागातही जोमाने वाढतं आणि एकरी कितीतरी पट जास्त तेल देतं. साबण, कपडे धुण्याची पावडर, फरशी पुसायचं द्रव यांत बहुतेक हेच तेल असतं. दक्षिण फ्रान्समधल्या व्हालाँसोलच्या पठारावरचे जांभळ्या गोल झुडपांच्या रांगांचे जे फोटो जगभर फिरतात, त्यांतली शेतंही मुख्यतः लॅव्हॅन्डिनची. माझ्या डब्याच्या झाकणावर तोच फोटो होता.

लॅव्हॅन्डिन वाईट नाही. त्याच्या जागी ते उत्तमच आहे. पण ते लॅव्हेंडर म्हणून, त्यातही हाय प्रोव्हान्सची म्हणून विकणं ही सरळ लबाडी आहे. तिथल्या लॅव्हेंडर तेलाला फ्रान्समध्ये १९८१ पासून नामसंरक्षण आहे. ठरलेल्या गावांतली, आठशे मीटरच्या वरची, बियांपासून वाढवलेली लॅव्हेंडर असेल तरच ते नाव लावता येतं.

डब्यातल्या काडीनेही त्यांचं खोटं उघड केलं. अस्सल लॅव्हेंडरच्या दांड्याच्या टोकाला एकच तुरा असतो, दांड्याला फाटे नसतात. लॅव्हॅन्डिनचा दांडा लांब असतो आणि मुख्य तुऱ्याखाली बाजूला दोन छोटे तुरे फुटतात. माझ्या काडीला तीन तुरे होते.

मी विचारणा केली तेव्हा त्यांनी मोठ्या विश्वासाने तेलाच्या तपासणीचं प्रमाणपत्र पाठवलं. बहुतेक लोक असा कागद पाहून गप्प बसत असतील, कारण त्यावर आलेख असतो आणि आकड्यांची लांब यादी असते. त्यातल्या दोनच ओळी वाचायच्या. पहिली वनस्पतीच्या शास्त्रीय नावाची. तिथे ‘लॅव्हेंडुला हायब्रिडा’ होतं, म्हणजे लॅव्हॅन्डिन. दुसरी कापराची. अस्सल लॅव्हेंडरच्या तेलात कापूर जेमतेम अर्धा-एक टक्का असतो. या कागदावर सात टक्क्यांच्या वर होता. त्यांच्याच पुराव्याने त्यांचा दावा खोडला होता.

तरी हा कागद तेलाचा होता, परफ्यूमचा नव्हे. सुगंधी द्रव्यांच्या उद्योगात काम करणाऱ्या एका मैत्रिणीने बाटलीतला नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या चाचणीने, तपासून घ्यायला मदत केली. त्यात लॅव्हॅन्डिनबरोबर डायइथाइल थॅलेट निघालं, जे सुगंधी तेलं पातळ करायला वापरतात, आणि गॅलॅक्सोलाइड निघालं, जी कृत्रिम कस्तुरी आहे. ओढणीला चिकटून बसलेला वास तिचा. ‘सिंथेटिकचा एक थेंबही नाही’ म्हणून विकलेल्या बाटलीत ही दोन्ही.

सिंथेटिक द्रव्यांबद्दल माझी तक्रार नाही. गेर्लाँ या फ्रेंच कंपनीचा ‘जिकी’ हा परफ्यूम १८८९ सालचा, आणि त्यात लॅव्हेंडरच्या जोडीला कारखान्यात बनवलेलं कूमारिन आणि व्हॅनिलिन होतं. लॅव्हेंडरच्या अभिजात परफ्यूमांची परंपराच अशा मिश्रणातून घडली आहे. तसं सांगून विकलं असतं तर मी आवडीने घेतलं असतं.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो ते सांगते. जम्मूत डोडा जिल्ह्यातल्या भदरवाहला शेतकरी मक्याच्या जागी अस्सल लॅव्हेंडर लावतात, ‘अरोमा मिशन’ या सरकारी योजनेतून त्यांना रोपं आणि तेल काढायची यंत्रं मिळाली. त्यांच्या तेलाचा भाव लिटरला दहा हजार रुपयांच्या आसपास सांगितला जातो. ५० मिलीच्या बाटलीत साडेसात मिली तेल घातलं, तर त्याची किंमत होते पंच्याहत्तर रुपये. भाव दुप्पट धरला तरी दीडशे. ४,८०० रुपये घेऊन एवढंही खरं तेल घातलं नाही. आणि गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला की फटका बसतो तो प्रामाणिकपणे काम करणाऱ्या छोट्या अत्तरवाल्यांना आणि या शेतकऱ्यांना.

घेताना दोन गोष्टींवर अडून बसा. हुंगायला दिलेल्या वासाचीच बाटली तिथल्या तिथे मिळाली पाहिजे, आणि शास्त्रीय नाव बिलावर लिहून मिळालं पाहिजे. शिवाय लेबल वाचा. परफ्यूम हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत त्यावर हवीच. माझ्या बाटलीवर नुसतं ब्रँडचं नाव आणि एक फूल होतं.

विक्रेत्याने आधी ‘नैसर्गिक माल आहे, प्रत्येक बॅच वेगळी येते’ असं कळवलं. अहवाल पाठवल्यावर अर्धे पैसे परत देऊ केले, अट एकच: कुठेही काही लिहायचं नाही. मी नकार दिला, तेव्हा त्यांनी मला ब्लॉक केलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलेल्या तक्रारीला त्यांनी उत्तर दिलं नाही, म्हणून आता ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकील लागतोच असंही नाही, आणि तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. चॅट आणि पैसे दिल्याचे स्क्रीनशॉट ब्लॉक होण्याआधीच काढून ठेवा.

मालातला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग स्वतः नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. माझी बाटली उघडलेली आहे, त्यामुळे समोरचा वाद घालणार हे उघड आहे. लाखेचा शिक्का असलेली, न उघडलेली बाटली तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर ती उघडू नका. डबा, काडी, बिल, सगळं तसंच ठेवा आणि मला कळवा.